नानांचे पाच जवान

आमच्या गल्लीत सकाळी सहाला कुणाला गजर लावावा लागत नाही. शेजारचे सुभेदार नाना अंगणातल्या पेरूच्या झाडाला दाढीचा आरसा अडकवतात, टाचा जुळवून सावधानमध्ये उभे राहतात आणि आरशात बघत ओरडतात, "आ! ए! ई! ओ! ऊ!" प्रत्येक आवाजानंतर थांबून स्वतःच्या तोंडाची तपासणी. पसंत पडलं नाही तर स्वतःलाच हुकूम, "पुन्यांदा!"

पहिल्याच आठवड्यात समोरच्या काकूंनी आईला हळूच सांगितलं, "त्यांना कुणीतरी मिरजेला दाखवून आणा हो." आमच्या विश्रामबागेत कुणाचं काहीही दुखलं की मिरजेचा दवाखाना.

पण नानांचं दुखत काही नव्हतं. ते स्पॅनिश शिकत होते. आणि शिकवणारी, सांगायला लाज वाटते, मी होते.

मी फारशी कुणाशी बोलत नाही. शाळा इंग्रजी होती, घर मराठी. दोन्ही भाषांत बोलण्याआधी वाक्य मनात एकदा तपासून बघते, तोवर समोरचा निघून गेलेला असतो. नानांशी तर माझं बोलणं इतकी वर्षं मान हलवण्यापुरतंच होतं. नोकरीसाठी मी ऑनलाइन स्पॅनिश शिकते आहे, हे आईनं त्यांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ते कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकून उभे.

"काय गं पोरी, फ्रान्सची भाषा शिकतीस म्हणं?"

"नाही नाना, स्पेनची."

"स्पेनची? मग आमच्या एलेनाचीच की!"

एलेना ही त्यांची चार वर्षांची नात. मुलगा साताऱ्याच्या पठारावर पवनचक्क्यांचं काम करायचा. त्याच कामासाठी स्पेनला गेला आणि तिथंच लग्न करून राहिला. दर रविवारी चार वाजता त्याचा व्हिडिओ कॉल येतो. नाना दिसले की एलेना सोफ्यामागे जाते.

"निस्तं केस दिसत्यात," नाना म्हणाले. "आता बालवाडीत स्वर शिकतीया. म्हटलं, आपुनबी तिच्या वर्गात बसावं. पोराला इचारलं तर म्हणतो, नाना, या वयात कशाला?"

तर मी शिकवायला लागले, आणि तिसऱ्या दिवसापासून नानाच मला शिकवायला लागले. स्पॅनिशचे स्वर आपल्यासारखेच सरळ आहेत. पण इंग्रजी शाळेनं माझ्या जिभेला लावलेली वळणं जात नव्हती. मी 'नो' म्हटलं की शेवटी नकळत 'नोउ' व्हायचं. नाना वहीतून मान वर करायचे.

"शेपूट आलं बघ मागनं. तोड!"

मग त्यांचं ठरलेलं भाषण. "ह्ये पाच जवान हायेत. कुठल्याबी चौकीवर उभं करा, गणवेश त्योच. तुमच्या इंग्रजीतला 'ए' बघ. कॅटमधी एक, केकमधी दुसरा, कारमधी तिसरा. असल्याला मी पलटणीत घेतला नसता."

एलेनाच्या बालवाडीतला तक्ता मुलानं फोनवर पाठवला होता. त्यात शेवटच्या स्वरापुढे द्राक्षांचा घड. द्राक्षाला तिकडे 'ऊवा' म्हणतात, लिहितात 'uva'. मी वाचलं, "यूवा."

नानांनी चष्मा काढला. "ह्यो 'य' कुठनं आला? कुणी बोलावलंवतं का त्याला?"

शाळेत कुणी चूक काढली की दिवसभर माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. त्या दिवशी मात्र मी मोठ्यानं हसले. मलाच दचकायला झालं.

नाना तक्त्याकडे बघत होते. "द्राक्षं? अगं, ती तर घरचीच!" दुसऱ्या दिवशी तासगावच्या मेहुण्याच्या बागेतून पेटी आली. बेत ठरला: रविवारी घड दाखवायचा आणि 'ऊवा' म्हणायचं. आठवडाभर आरशासमोर घड धरून सराव चालला. मी एक द्राक्ष तोडायला गेले तर हातावर फटका. "परेडचं सामान खायाचं नसतंय."

शनिवारी सराव संपल्यावर ते घड हातात धरूनच ओट्यावर बसले. "पोरगा पहिल्यांदा बोलला तवा मी लडाखला हुतो. काय बोलला ते पत्रातनं कळलं. दीड महिन्यानं." मग घडाकडे बघत म्हणाले, "हिचंबी तसंच व्हायचं का?"



रविवारी चारला नाना कडक इस्त्रीच्या शर्टात हजर. पदकं लावू का म्हणाले. मी नको म्हटलं. कॉल लागला. सोफा, आणि सोफ्यावरून दिसणारे तपकिरी केस.

"आ! ए! ई! ओ!" एकेक स्वर खणखणीत. केस हलले नाहीत.

"नाना, राहू द्या आज," मुलगा म्हणाला. "लाजतीय ती."

नानांनी घड उंच धरला. मी मनातल्या मनात 'ऊ, ऊ' म्हणत होते. नाना छाती भरून ओरडले, "यूवा!"

 आठवडाभराची मेहनत गेली.

तेवढ्यात सोफ्यामागून बारीक, चिडलेला आवाज आला. "नो!" त्याला अजिबात शेपूट नव्हतं. मग कपाळ दिसलं, मग डोळे. "ऊ-वा."

नानांनी कानाला हात लावला. "यू?"

"ऊ!" एलेना सोफ्याला वळसा घालून थेट पडद्यासमोर आली आणि दोन बोटांनी स्वतःचे ओठ गोल करून दाखवू लागली. नाना चार वेळा चुकले. पाचव्यांदा बरोबर म्हणाले तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या आणि पुढची दहा मिनिटं काहीतरी लांबलचक सांगत राहिली. मला निम्मं कळलं, नानांना काहीच नाही. ते "व्हय, व्हय" म्हणत होते.

कॉल संपल्यावर त्यांनी पहिल्यांदाच घड माझ्यापुढे केला.

"नाना, तुम्ही मुद्दाम चुकलात."

"जीभ हाय, घसरती कवाकवा."

द्राक्षं खात मी कुंपणापर्यंत आले आणि थांबले. या वेळी वाक्य मनात तपासून बघितलं नाही.

"नाना, आईनं स्पॅनिश सांगूनही पहिल्या दिवशी तुम्ही मला फ्रान्सची भाषा शिकतेस का विचारलं होतंत. फ्रान्स कुठं आहे हो?"

"फ्रान्स?" ते पेरूवरचा आरसा काढून पुसत होते. "स्पेनच्या वरच्या अंगाला. मधी डोंगर हायेत. का गं?"