अहो, ऐकलं का?

पाथरे काकांच्या दाराला बेलच्या जागी ट्रकचा हॉर्न होता. आधी चिमणीसारखी चिवचिवणारी बेल होती, पण ती बिघडली असं काकांचं म्हणणं. आम्ही दाबली की चांगली चिवचिवायची. पण लष्कराच्या वर्कशॉपात रणगाड्यांच्या वायरिंगवर उभा जन्म काढलेल्या माणसाला कोण सांगणार? कुकरच्या शिट्ट्याही त्यांच्याकडे सारख्या बिघडत. गल्लीत करपलेल्या डाळीचा वास सुटला की समजायचं, उद्या काका नवी शिट्टी आणणार.

"बायका हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात," हे त्यांचं लाडकं मत. आमची ही एकदा त्यांच्याशी अक्षरशः ओरडून बोलली, तर म्हणाले, "वहिनी, घसा बसलाय का?" स्वतःच्या कानांवर मात्र भारी विश्वास. नगरबाहेर तोफांचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्या थरथरायच्या आधी काका मान वर करून म्हणायचे, "झालं सुरू."

मार्थाकाकू गेल्या आणि काका घराबाहेर फारसे दिसेनात. नव्वदीचं दशक सरत आलं होतं, कॉम्प्युटर नुकते दिसू लागले होते. काकांनी पुण्याहून एक जुना आणला आणि प्रिंटर जोडायच्या जागी स्वतः बनवलेला एक पत्र्याचा डबा जोडला. कॅसेटवरच्या आवाजाचे आकडे करून कॉम्प्युटरमध्ये ठेवायचे आणि त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा, हे त्या डब्याचं काम. "कॅसेट वाजवली की झिजते, बँकवाले," मी बँकेत, म्हणून ते मला असंच म्हणत. "आकडे झिजत न्हाईत." बाजारातलं तयार साउंड कार्ड त्यांनी लगेच परत केलं होतं. का, तर "बारीक आवाज गिळतंय." काका चर्चच्या गायनमंडळातले, तेव्हा कॅसेट भक्तिगीतांची असणार, असं आम्ही धरून चाललो.

आणि एके दिवशी दिवेलागणीला त्या घरातून मार्थाकाकूंनी हाक मारली.

"अहो, ऐकलं का?"

मी अंगणात तुळशीला पाणी घालत होतो. तांब्या हातातच राहिला. थोड्या वेळानं पुन्हा तीच हाक आली, शेवटचा 'का' तसाच जरा लांबवलेला. जिवंत माणूस दुसऱ्यांदा हाक मारताना थोडा तरी चिडतो. ही हाक चिडत नव्हती, दमत नव्हती, आणि काका ओ देत नव्हते. मग रोज संध्याकाळी तेच चाललं. मुलं त्या बाजूला खेळायची बंद झाली. समोरचं कुत्रं तेवढं त्या दाराशी जाऊन शेपूट हलवायचं. काकू त्याला भाकरी घालायच्या.

दूध घालणाऱ्या कासाबाई तिसगावकडच्या. त्यांनी तर किटली खालीच ठेवली. "बाई हाय आत. म्या माझ्या कानानं आयकलं. लई आर्जवानं हाक मारती, अन ह्यो बाबा वळून बगत न्हाई!" दुसऱ्या दिवशी काकांच्या दारावर लिंबू-मिरची लटकली. काकांनी लिंबू काढून त्यात दोन तारा खुपसल्या, मीटर लावला आणि मला खुशीत दाखवलं, "करंट देतंय!"

शेवटी ही म्हणाली, "तुम्ही बी.एस्सी. ना? मग जा, बघून या." बी.एस्सी.ला भुतं नव्हती, पण हे तिला सांगून उपयोग नव्हता. संध्याकाळी जाऊन हॉर्न दाबला.

काकांनी दार उघडलं आणि माझ्याकडे नीट न बघताच ते परत टेबलाशी गेले. डबा उघडा होता, सोल्डरिंगचा धूर कोंडला होता. त्यांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. आणि माझ्या हातभर अंतरावरून, रिकाम्या खोलीत, मार्थाकाकू म्हणाल्या, "अहो, ऐकलं का?"

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. काका शांतपणे स्क्रू फिरवत होते.

"बघा," ते म्हणाले, "नुसतं घुमतंय. आमच्या हिचा आवाज आहे यात. नवा टेपरेकॉर्डर आणला तेव्हा तपासताना आला होता. मी बाहेर निघालो होतो, आतनं तिनं काहीतरी आणा म्हणून सांगितलं. काय ते आठवत न्हाई. तिचा आवाज पहिल्यापासनं बारीक. डबा तेवढंच गिळतोय."

भीती कुठल्या कुठे गेली. चिमणीची बेल, कुकरच्या शिट्ट्या, तोंडातल्या तोंडात बोलणाऱ्या बायका, सगळं एकदम समजलं.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "काका, डबा नीट आहे."

"नीट आहे?"

"अगदी नीट. काकू स्वच्छ बोलताहेत. मला ऐकू येतंय. आम्हा सगळ्यांना येतंय."

त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग हळूच बोट कानाला लावलं, आणि सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली.

"पुढचं लावा," मी म्हणालो. रोज ते पहिल्याच हाकेला थांबवून डबा उघडत. आज थांबवलं नाही. मी ऐकत गेलो, ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"काय म्हणते?"

मला फार संकोच वाटला. तरी म्हणालो, "अहो, ऐकलं का? येताना पाव किलो शेव आणा. बारीक हं. जाडी नको."

"जाडी आणली होती मी," काका म्हणाले. "काही बोलली न्हाई. खाल्ली."

त्यांनी पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मी म्हणालो. तेव्हा ते माझ्याकडे नाही, त्या स्पीकरकडे वळले आणि म्हणाले, "ऐकलं गं."

मग खुंटीवरची पिशवी काढली, चपला घातल्या. दारात थांबून मला विचारलं, "बारीकच ना?"

"बारीकच," मी मान हलवत म्हणालो.