अर्धा पूल आणि कल्लव्वाचं पाचपरतावण

आरतीचं ताट घेऊन पुलावरून तरातरा निघालेली अक्कम्मा मध्येच थांबली, कारण पुढं पूलच नव्हता. पायाखालचं काँक्रीट सुरीनं कापल्यासारखं संपलं होतं आणि खाली ओढा होता. पलीकडच्या काठावर शिरगोंडी गाव, त्या गावात हायस्कूल, आणि काठावरच एक नवीकोरी कमान. कमानीवर लिहिलं होतं, ‘आपले सहर्ष स्वागत आहे.’

काम अजून व्हायचंय, असंच बेलकेरी गाव कालपर्यंत धरून चाललं होतं. आज एकदम लोकार्पणच निघालं. दारू प्यायलेल्या माणसालाही सुचणार नाही असा प्रकार, पण इंजिनिअर अभिमन्यू साहेब शुद्धीत होते आणि हातात कात्री घेऊन हसत होते. त्यांच्यामागं लोखंडी फलक उभा होता. खाट होईल एवढा मोठा, चांगल्या जाड पत्र्याचा. त्यावर योजनेचं नाव होतं, निधीचा आकडा होता आणि ‘भव्य पूल’ असे दोन शब्द होते.

“सायेब, उरलेला पूल कुटं हाय?” अक्कम्मानं विचारलं.

“आज्जी, उरलेला पलीकडच्या तालुक्यात येतो. ओढ्याच्या मधोमध तालुक्याची हद्द आहे. मंदी आली म्हणून सरकारनं कामांना जादा पैसा सोडला, तो तालुक्यांना वाटून दिला. आपल्या वाट्यात आपल्या हद्दीपर्यंतचा पूल बसला.”

“आन् त्यांच्या वाट्यात?”

साहेबांनी कमानीकडं बोट केलं.

अक्कम्माच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “अय्यय्यो! आमी हितनं उडी मारायची आन् त्येनी तितं स्वागत करायचं व्हय? मुडदा बशिवला तुमच्या वाटपाचा!” तिनं आरतीचं ताट तिथंच काँक्रीटवर आपटलं. निरांजन गडगडत गेलं आणि पुलाच्या टोकावरून ओढ्यात पडलं. साहेबांनी घाईघाईनं फीत कापली.

आता अक्कम्माला एवढा राग का, तर तिची नात श्रीदेवी. पोरगी यंदा नववीत, वर्गात पहिली. पावसाळ्यात ओढा चढला की महिना महिना शाळा बुडायची. मागल्या श्रावणात ती वाहता वाहता वाचली, तेव्हापासून तिच्या बापानं, बसवेशनं, एकच धोशा लावला होता, “जूनपत्तोर पूल झाला तर धावी. न्हायतर बास झाली शाळा, स्थळ बगतो.” आणि बसवेश बोलला की बोलला. तोही आईवरच गेला होता.

दुसऱ्या दिवशी अक्कम्मा कडक भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून एस.टी.नं सोलापूरला गेली आणि साहेबांच्या टेबलासमोर ठाण मांडून बसली. जेवणाची सुट्टी झाली, तिनं तिथंच भाकरी खायला घेतली. शेवटी साहेबांनी कंटाळून नकाशा काढला.

“हे बघा. शिवेचा दगड जिथं, तिथं हद्द. दगड ओढ्याच्या मधोमध खडकावर आहे. आम्ही काय करणार?”

“कुटल्या गाढवानं वड्याच्या मदी शिवंचा दगड ठेवला?”

“ते माहीत नाही. पण मोजणीवाल्यानं टीप लिहिली आहे. ‘दगडास शेंदूर व चांदीचे डोळे असून ग्रामस्थ नित्य पूजा करतात, सबब जागा निश्चित मानली.’”

अक्कम्माच्या हातातली भाकरी हातातच राहिली. चांदीचे डोळे तिनंच बसवले होते. आठ वर्षांपूर्वीच्या पुरात हा दगड शिरगोंडीच्या काठावरून गडगडत खाली आला. गावात पाणी शिरलं नाही, ही दगडाचीच कृपा, असं अक्कम्मानं ठरवलं, चार गडी लावून तो खडकावर बसवला, नाव ठेवलं कल्लव्वा. तालुक्याची हद्द ती स्वतः ओढ्यात घालून बसली होती आणि वर दर मंगळवारी हद्दीला नैवेद्य दाखवत होती! सांगायचं कुणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

गावी येऊन ती सरपंच संगप्पाच्या दारात उभी राहिली. “आरं संगप्पा, कल्लव्वा सपनात आली. म्हनती, मला माज्या जुन्या घरी शिरगोंडीला नांदाय धाडा.”

“कवा आली सपनात?”

“यष्टीत. डोळा लागला हुता.”

देवीच्या बाबतीत वाद कोण घालणार? अमावस्येला भर दुपारी हलग्या लावून कल्लव्वाला पालखीतून पलीकडं पोचवलं. शिरगोंडीकर हरखून गेले. आपल्या पायानं घरी आलेली देवी! त्यांनी बेलकेरीला गव्हाची गोड हुग्गी खाऊ घातली आणि देवीसाठी कट्टाही बांधायला घेतला. आता अख्खा ओढा बेलकेरीच्या तालुक्यात आला होता. अक्कम्मानं साहेबांना मोजणीला बोलावलं.

साहेबांनी मोजणीची फीत धरली, नकाशा पाहिला आणि कपाळावर हात मारला. “आज्जी, हे काय केलंत! निधीचा दुसरा हप्ता आलाय. तो सगळा पलीकडच्या तालुक्याला. उरलेल्या अर्ध्या पुलाची फाईल मी कालच तयार केली होती, त्यांच्या पैशातून!”

“मंग करा की.”

“कसा करू? आता तो अर्धाही तुमच्या हद्दीत आला. त्यांचा पैसा इथं खर्च करता येत नाही.”

“मंग आमच्या वाट्याचा हप्ता कुटाय?”

“तुम्हाला नाही. तुमच्याकडं पूल झाला ना, म्हणून तुम्ही पुढारलेले. मागासांना आधी.”

“पुढारलेले?” अक्कम्मा ओरडली. “अर्ध्या पुलावर हुबं ऱ्हाऊन किती पुढारायचं रं बाबा? आनखी एक पाऊल पुढारलो की वड्यात!”

“एकतीस मार्चच्या आत दगड जागेवर दिसला पाहिजे,” साहेब म्हणाले, “नाहीतर पैसा परत.” म्हणजे हातात बारा दिवस.

संगप्पा देवी परत मागायला गेला आणि शिव्या खाऊन आला. “काकू, न्हाय म्हनत्यात. म्हनत्यात, नांदाय आलेली लेक कुनी परत धाडतंय का?”

“आसं म्हनले? लेक म्हनले?” अक्कम्माचे डोळे चमकले. “मंग झालं तर!”

तिनं नवी इरकली साडी काढली, हळदीकुंकू घेतलं, गावातल्या पंधरा बायका घेतल्या आणि ओढ्यातून शिरगोंडी गाठली. कट्ट्याभोवती बाप्ये काठ्या घेऊन उभे होते. अक्कम्मानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती बायकांना म्हणाली, “काय गं बायांनो, लेक नांदाय धाडली, पर तिचं पाचपरतावण ऱ्हायलंय की. पाच दिवसांनी म्हायेरी न्याय नगं? तुमच्या लेकींना असंच आडवून धरलं तर चालंल का?”

बाप्ये काहीतरी बोलायला गेले, पण त्यांच्याच बायकांनी त्यांना गप्प केलं. पाचपरतावणाला नाही म्हणायचं म्हणजे काय! शिरगोंडीच्या बायकांनी कल्लव्वाची ओटी भरली, दोघींचे तर डोळेही भरून आले. पालखी ओढ्यात उतरली. मधोमध खडकाजवळ आल्यावर अक्कम्मानं हात वर केला. “टेकवा. देवी दमली. हितंच मुक्काम.”

उरलेला अर्धा पूल खरोखर झाला. मे महिन्यात शेवटचं काँक्रीट पडलं आणि अक्कम्मा बघायला गेली. दोन्ही अर्धे समोरासमोर आले होते. मध्ये अडीच फुटांची फट होती.

“आता हे काय?” तिनं साहेबांना फोन लावला.

“आज्जी, दोन्ही तालुक्यांनी आपापल्या हद्दीपर्यंत काम केलंय, एक इंच कमी नाही. दगड अडीच फूट रुंद आहे. दगडाची जागा कुठल्याच तालुक्यात येत नाही, म्हणून तिला वाटा नाही. पुढच्या वर्षी प्रस्ताव टाकू.”

अक्कम्मानं फोन ठेवला आणि पदरानं फट मोजली. बरोबर आलेल्या संगप्पाला तिच्या ओरडण्यापेक्षा तेच जास्त भीतीचं वाटलं.

जूनच्या पंधरा तारखेला शाळा उघडली, ओढा दुथडी भरला होता. उरलेल्या अर्ध्याच्या लोकार्पणाचं काहीतरी ठरवायला अभिमन्यू साहेब गाडीनं आले, तर पुलाच्या तोंडाशी नुसतेच दोन खांब उभे. फलक गायब. तो फटीवर आडवा टाकून दोन्ही बाजूंनी तारेनं आवळलेला होता, ‘भव्य पूल’ हे शब्द वरच्या अंगाला. दहावीचं दप्तर घेतलेली श्रीदेवी त्या शब्दांवर पाय देऊन पलीकडं गेली. तिच्यामागून बसवेश गेला, आणि त्यानं फलकावर दोनदा उडी मारून पाहिली.

“आज्जी, अहो तो सरकारी फलक आहे!” साहेब ओरडले.

“व्हय की सायेब,” अक्कम्मा म्हणाली. “तुमच्या समद्या निधीत त्योच काय त्यो पुरा झालाय.”