साहेबांचं कुरतडलेलं नाणं

साहेबांनी ड्रॉवर उघडला, रुमालाची घडी उलगडली आणि आतलं दहाचं नाणं टेबलावर ठेवलं. पहिल्या नजरेतच नाणेकाकांना कळलं, की हे कुणीतरी कानशीनं घासलंय. दुसऱ्या नजरेत त्यांना त्याच टेबलावर स्वतःचा बदलीचा अर्ज दिसला आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं.

पाण्याचे मीटर तपासणाऱ्या त्या कार्यालयात त्यांना सगळे नाणेकाकाच म्हणत. टाकसाळीतच चुकलेली नाणी जमवायचा त्यांना तीस वर्षांचा नाद. नाद एकट्याचा होता तोवर ठीक होतं. पण एकदा पेपरात त्यांच्याबद्दल चार ओळी छापून आल्या, आणि तेव्हापासून लोकांनी त्यांना सुखानं चहा पिऊ दिला नाही. कुणी रेल्वेच्या चाकाखाली चेपलेलं नाणं आणी, कुणी भोक पाडलेलं, कुणी अ‍ॅसिडात पडलेलं.

"काका, लाखभर तरी येतील ना?"

"दहाचं आहे बाबा. आणि आता दुकानदार दहालाही घेणार नाही."

हे वाक्य बोलून बोलून काकांची जीभ झिजली होती. त्यात रोजचा प्रवास. दोन बस, जायला दोन तास, यायला दोन तास. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या नावानं शंख, आणि काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले. भाजी आणायची तरी काकांची वाट बघत बसायचं. घरापासून पाच मिनिटांवर कार्यालयाची नवी शाखा निघाली होती. तिथल्या बदलीचा अर्ज तीन वर्षं साहेबांच्या टेबलावर मुक्काम ठोकून होता, आणि निवृत्तीला उरली होती चार वर्षं.

"बघा काका," साहेब म्हणाले, "कडेचा तुकडाच गायब! टाकसाळीतली चूक ना? माझा मेहुणा म्हणतो, कुणीतरी कापलंय. दीडशहाणा मेला!"

काकांनी रीत म्हणून भिंग लावलं. टाकसाळीत पत्र्यातून नाण्यांच्या चकत्या कापतात. पत्रा नीट सरकला नाही, की आधीच्या भोकाचा घास पुढच्या चकतीत येतो. पण मग छाप मारताना त्या घासाच्या बरोबर समोरचा काठही फिका उठतो. इथे समोरचा काठ चांगला ठसठशीत होता आणि घासावर कानशीच्या रेघा होत्या. मेहुणा दीडशहाणा असेल, पण बरोबर होता.

काकांना काकूंचे गुडघे आठवले.

"खरं आहे साहेब," ते म्हणाले. "टाकसाळीतलीच चूक." तीस वर्षांत नाण्याबद्दल बोललेलं हे त्यांचं पहिलं खोटं. कानाच्या पाळ्या तापल्या हो त्यांच्या!

साहेबांनी टाळी वाजवली. मग बदलीचा अर्ज उचलला, त्याची घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकला. "छे छे, असा जाणकार माणूस आता कसा सोडायचा? आणखी चार नाणी आहेत माझ्याकडे."

चारची चाळीस झाली. साहेबांचा दातांचा डॉक्टर आला, कंत्राटदार आला, शेवटी तो मेहुणाही स्वतःचा नाण्यांचा डबा घेऊन आला. काकांच्या टेबलावर मीटरच्या नोंदी साचल्या आणि जेवणाचा डबा रोज गार झाला.

"सही झाली का?" काकूंनी विचारलं. काकांनी सगळं सांगितलं.

"अहो, खोटं बोलायचंच होतं तर त्यातून काही पदरात तरी पाडून घ्यायचं! उद्या जा आणि खरं ते सांगून मोकळे व्हा."

दुसऱ्या दिवशी काकांनी खरं ते सांगितलं. साहेब पोट धरून हसले. "बदलीसाठी इतक्या थराला जायचं काका? माझ्या नाण्यावर आळ?"

आता मात्र काकांचं डोकं फिरलं. ते तडक तळमजल्यावर मीटर दुरुस्तीच्या खोलीत गेले. खिशातलं बसच्या भाड्याचं दहाचं नाणं पकडीत आवळलं, अर्धगोल कानस घेतली आणि घाम पुसत पुसत त्याचा तस्साच घास काढला. नाणं नेऊन साहेबांच्या नाण्याशेजारी ठेवलं.

"घ्या. अर्ध्या तासात केलं. आता तरी पटलं?"

साहेबांनी एकदा हे उचललं, एकदा ते उचललं. काकांच्या मनात आलं, सुटलो एकदाचे. तेवढ्यात साहेबांनी दोन्ही नाणी ओंजळीत खुळखुळवली आणि टेबलावर टाकली.

"सांगा, यातलं माझं कुठलं?"

"डावीकडचं," काका म्हणाले. भिंगाला हातसुद्धा लावला नाही.

साहेबांनी पुन्हा खुळखुळवली. "आता?"

"उजवीकडचं. तुमच्या रेघा जुन्या, काळवंडलेल्या आहेत. माझ्या ताज्या."

"आणि आता?"

"अहो, तेच पुन्हा उजवीकडचं!"

साहेबांनी टेबलावर अशी थाप मारली की चहाचा कप उडाला. "सापडलात! दोन्ही सारखीच असती तर तुम्हाला तीनदा ओळखता आली असती? फरक आहे म्हणजे आहे! तुमचं कापलेलं, माझं अस्सल!"

"साहेब, पण कापलेली तर दोन्हीही..."

"आणि अशी नजर त्या शाखेत पाठवू? पावत्या फाडायला?" त्यांनी अर्ज काढला, पेन उघडलं आणि तीन वर्षं न झालेली सही एका झटक्यात केली. सहीच्या वर लिहिलं, 'नामंजूर'.

त्या संध्याकाळी बसचे सुटे शिपायाकडून मागून घेऊन काका घरी पोचले, तर काकू दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. काकांनी पायरीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. काकू बराच वेळ गुडघे चोळत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तीन वेळा विचारलं ना त्यांनी? एकदा तरी मुद्दाम चुकायचं!"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"सुचलंच नाही गं," ते म्हणाले.