बटन दाबलं तरी वाघीण होईना

मी धर्मपाल, अमरावतीचा एकमेव खासगी गुप्तहेर. गुप्त इतका, की राजापेठेत पाटी लावून बसलोय तरी कुणाला माझा पत्ता लागत नाही. मला पाहून गुन्हेगार थरथर कापतात आणि ओळखीचे लोक रस्ता बदलतात.

त्या रविवारी गुलफामच्या गेम पार्लरमध्ये मारामारीच्या एका व्हिडिओ गेमचा अंतिम सामना होता. या गेममधली माणसं लढता लढता जनावरं होतात. एकीकडे गुलफामची बहीण शाहीन, दुसरीकडे अकोल्याचा चंदन. जिंकणारा नागपूरला जाणार होता. कंट्रोलर ज्याचा त्याने घरून आणायचा. सामन्याआधी शाहीननं बटन दाबून पाहिलं, तर तिची पैलवान बाई काही केल्या वाघीण होईना.

"भाऊ, मी महिनाभर याचीच तयारी करून राहिली होती," शाहीन रडवेली झाली.

"आमच्या घरी बाईला वाघीण व्हायला बटन लागत नाही," मी धीर दिला आणि तपास हाती घेतला.

पहिला संशय उन्हावर. मे महिन्यात मेळघाटातला वाघसुद्धा पाण्यातून उठत नाही.

"एसी चालू आहे, भाऊ," गुलफाम म्हणाला.

मग मी विजेच्या दाबावर आलो. पण त्याच विजेवर चंदनच्या पैलवानाचं अस्वल मजेत होत होतं. म्हणजे गुन्हेगार उघड होता.

"मला यात चंदनाचा वास येतोय," मी जाहीर केलं.

"अत्तर लावून आला तो," गुलफाम म्हणाला.

शाहीनला मात्र काहीतरी आठवलं. "चंदन, कंट्रोलरची माही बॅग तूच उचलली होती ना?"

"बसाले खुर्ची पाहिजे होती, म्हणून बाजूले ठेवली."

"मले वाटलं होतं तू सीधा खेळतं."

चंदनचा चेहरा उतरला. मी त्याला शरण यायला सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. शाहीनचा कंट्रोलर घेऊन त्यानं बटन दाबलं. ते आत गेलं ते आतच राहिलं. त्यानं बोट हुंगलं.

"काल खेळता खेळता काय खाल्लं?"

"गिला वडा," शाहीन हळूच म्हणाली.

"चटणी लय चिकट हाय तुमच्या अमरावतीची." त्यानं ओल्या रुमालानं बटन पुसलं. ते टक्कन वर आलं.

"मले माफ कर, चंदन."

"आधी वाघीण तं होऊन दाखव."

तिनं होऊन दाखवलं. थोड्याच वेळात अकोल्याचं अस्वल चारी मुंड्या चीत पडलं. चंदननं उठून तिचं अभिनंदन केलं आणि जाता जाता माझ्या कानाशी वाकला.

"भाऊ, तपास आणखी थोडा लांबवाचा होता तुमी."