केळीच्या भट्टीतले रक्तसाक्षी

पिकू घातलेल्या केळ्यांचा वास आला, की इतरांना काय आठवत असेल ते असो. मला रोमचे सैनिक आठवतात. तो वास पहिल्या दिवशी ओल्या गवतासारखा हिरवा असतो, दुसऱ्या दिवशी त्यात मधाचा एक बारीक धागा मिसळतो आणि तिसऱ्या दिवशी तो इतका दाट होतो, की भिंतींनाही गोडी चढते. याच वासात, पिंप्राळ्यातल्या एका बंद पडलेल्या केळीच्या भट्टीत, दर रविवारी उपासनेनंतर बारा लेकरं अंधारात पाय दुमडून बसतात आणि रोमच्या बादशहापासून लपतात. त्यांना तिथे लपवणारे गृहस्थ म्हणजे माझे शेजारी, शलमोननाना.

नाना सत्तरीचे आहेत. उंच, किडकिडीत, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावणारे. उमेदीची वर्षं त्यांनी दोंडाईच्याच्या मिरची बाजारात काट्यावर, मापं पाहण्यात घालवली. आता त्यांचं एकच काम उरलं आहे, ते म्हणजे शब्बाथशाळा. 'संडे स्कूल' म्हटलेलं त्यांना खपत नाही. आणि या शाळेत शिकवण्याचा विषयही एकच आहे: पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती माणसांचा छळ, आणि त्या छळापुढे न वाकलेले रक्तसाक्षी.

"बाकीचं सगळं पाळकसाहेब शिकवतात," ते म्हणतात. "प्रीती, क्षमा, शांती. सोपं असतं ते. छळ कोण शिकवणार?"

रोममधले ख्रिस्ती लोक जमिनीखालच्या, थडग्यांच्या भुयारांत जमत. पिंप्राळ्यात भुयार नाही. तेव्हा नानांनी शेजारच्या आबांची भट्टी मागून घेतली. आबा मूळचे धुळ्याकडचे. त्यांची पिठाची गिरणी आहे आणि गिरणीला लागून ही बिनखिडकीची खोली, जिथे पूर्वी धूर देऊन केळी पिकवत. आता थंडगार यंत्रांच्या खोल्या आल्या आणि भट्टी रिकामी पडली. आबा घरापुरते चार घड तिथे टांगतात, तेवढेच. नानांना ते घड काढून टाकणं मंजूर नाही. "मेलेल्यांच्या शेजारी बसत होते ते लोक," ते म्हणतात, "आपण केळ्यांच्या शेजारी तरी बसू."

तालीम कडक असते. माझ्या स्वयंपाकघरातल्या कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत कुणी हूं की चूं करायचं नाही. त्यामुळे रविवारी मला भाताची घाई करता येत नाही आणि उशीरही करता येत नाही. बारा जिवांचा श्वास माझ्या गॅसवर असतो. एकदा शिट्टी अडकली, तर लेकरं वीस मिनिटं गप्प राहिली आणि नानांनी त्या दिवसाची नोंद 'उत्तम' अशी केली.

मग खुणेचा मासा. जुने ख्रिस्ती एकमेकांना ओळखण्यासाठी धुळीत मासा काढत, हे नानांनी सांगितलं मात्र, आठवड्याभरात सगळ्या कॉलनीतल्या स्कूटरींच्या सीटवर मासे उमटले. एक मासा गिरणीच्या दारावर, पिठात बोट बुडवून काढलेला. आबा गळ्यात माळ घालणारे; त्यांच्याकडे दोन दिवस गिऱ्हाइकं विचारत राहिली, "आबा, मासळी कधीपासून ठेवली?" आबांनी तो पुसला नाही. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पोरेस्नी काढेल शे."

नानांचं खरं दुःख वेगळंच होतं. छळ करायला माणूस मिळत नव्हता.

आधी त्यांनी एका रिक्षावाल्याला सैनिक केलं. त्याने भट्टीचं दार उघडलं, घामाने भिजलेली लेकरं पाहिली आणि सगळ्यांना रिक्षात कोंबून घरोघरी पोचवून आला. मग आबांची नेमणूक झाली. पिठाने भुवया आणि पापण्या पांढऱ्या झालेले आबा, हातात गिरणीचा पट्टा सरकवायची काठी घेऊन उभे राहिले, की खरोखर एखाद्या संगमरवरी पुतळ्यासारखे दिसत. पण पुतळ्याने तोंड उघडलं, की रोम कोसळायचं.

"अरे पोरहो," ते दारावर थाप मारून म्हणायचे, "इतला गरममा बठ्ठा कसाले बसनात? भायेर या, पानी पी ल्या."

"आबा," नाना कळवळून म्हणत, "तुम्ही त्यांना धरायला आला आहात."

"नाना, मी पोरेस्ले कसाले धरू? मन्हं काय बिघाडं त्यास्नी?"

"बादशहाचा हुकूम आहे."

"मंग बादशहानीच यावं," आबा म्हणत, आणि गिरणीचा पट्टा बघायला निघून जात.

"माणसं फार चांगली आहेत इथली," नाना एकदा माझ्या ओट्यावर बसून खिन्नपणे म्हणाले. "दिवाळीला फराळाची चार ताटं येतात. अशाने लेकरं तयार कशी व्हायची?" वर्तमानपत्र त्यांच्या मांडीवर होतं. एका पानाशी त्यांनी घडी घातली होती, 'चर्चवर दगडफेक' एवढाच मथळा मला दिसला, आणि मी हात पुढे केला, तेव्हा ते पान काढून उरलेलं वर्तमानपत्र मला दिलं.

त्याच दिवशी त्यांनी मला न्यायाधीश केलं. मी कॉलेजात कविता शिकवते; मी चर्चमधली नाही, रोमची तर मुळीच नाही. पण नानांचं म्हणणं, न्यायाधीश शुद्ध बोलणाराच हवा. "लेकरांना शुद्ध भाषेचीच भीती वाटते, बाई."

फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी नाना 'सिंहाचा रविवार' पाळतात. हा सण पंचांगात नाही आणि चर्चच्या कॅलेंडरातही नाही. त्या दिवशी सगळी मंडळी गिरणीसमोर जमते आणि वर्षभराच्या तालमीची परीक्षा होते. आबा लेकरांना भट्टीतून बाहेर आणतात. मी गिरणीच्या ओट्यावर, जांभळी शाल पांघरून, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते. शेजारी बादशहाचा पुतळा, म्हणजे कापडदुकानातून आणलेला, एक हात नसलेला पुतळा. पुतळ्यापुढे परातीत पीठ. खरं तर रोममध्ये बादशहाला देव मानून धूप घालायला सांगत. पण नानांनी तो बदलला. "धूप ठेवला, तर आबांना वाटेल, आपण त्यांनाच बोलतो आहोत," ते मला हळूच म्हणाले. "पीठ कुणाचंच नसतं."

मी विचारायचं, "तू ख्रिस्ती आहेस काय?" लेकराने 'आहे' म्हटलं, की त्याची रवानगी चुन्याने आखलेल्या रिंगणात, सिंहापुढे. जो चिमूटभर पीठ पुतळ्यापुढे टाकील, तो सुटला.

सिंह स्वतः नाना. अंगावर पिवळट घोंगडी, मानेभोवती केळीच्या वाळल्या सोपटांची आयाळ. त्यांना दमा आहे, त्यामुळे डरकाळी अर्ध्यावर खोकल्यात मोडते, आणि रिंगणातले रक्तसाक्षी विचारतात, "नाना, पाणी आणू?" एका वर्षी गल्लीतली कुत्री सिंहामागे लागली आणि सिंह गिरणीच्या ओट्यावर चढून माझ्या खुर्चीमागे लपला. तेव्हापासून कुत्र्यांना आधी भाकरी घालण्याची प्रथा पडली.

पण या सगळ्यात एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नसे. चौदा वर्षांत एकाही लेकराने पीठ टाकलं नव्हतं. नाना हे अभिमानाने नव्हे, धास्तीने सांगत. "एकाने जरी टाकलं, तर मी शाळा बंद करीन, बाई. म्हणजे मला शिकवता आलं नाही." हे त्यांनी मंडळीपुढेही सांगितलं होतं, आणि शलमोननाना बोललेला शब्द मागे घेत नाहीत, हे सर्वांना ठाऊक होतं.

यंदा वर्गात एस्तेर आली. सात वर्षांची, यावलहून आलेल्या एका नर्सबाईंची मुलगी. दोन वेण्या, एका वेणीची रिबन नेहमी सुटलेली. भट्टीत ती नानांचा शर्ट धरून बसायची. तालमीत तिची पाळी आली, की नाना काहीतरी निमित्त काढून तालीम आवरती घेत.

सिंहाच्या रविवारी आवरती घेता आली नाही. अकरा लेकरं एकामागून एक आली, 'आहे' म्हणून आनंदाने सिंहाकडे धावली. मग एस्तेर ओट्यापुढे उभी राहिली. ऊन तिच्या भांगात पडलं होतं. मी माझ्या भाषेतला जेवढा मऊपणा होता तेवढा गोळा करून प्रश्न विचारला. तरी तो शुद्धच निघाला. तिने माझ्याकडे पाहिलं, पुतळ्याच्या नसलेल्या हाताकडे पाहिलं, आणि परातीत बोटं घालून चिमूटभर पीठ खाली टाकलं.

गिरणीचा पट्टा बंद होता. चाळीस माणसं एकदम गप्प झाली, तेव्हा मला प्रथमच कळलं, की पीठ पडल्याचाही आवाज होतो.

"तू सुटलीस," मी म्हणाले, कारण तसं लिहिलेलं होतं.

"मी आता कुठे जाऊ?" एस्तेरने विचारलं.

ते लिहिलेलं नव्हतं. चौदा वर्षांत कुणी सुटलंच नव्हतं, त्यामुळे सुटलेल्यांसाठी जागा आखलेली नव्हती. ती पुतळ्याजवळ एकटी उभी राहिली.

तेव्हा सिंह रिंगणातून बाहेर आला. चार पायांवर, हळूहळू, ओट्याच्या पायरीपर्यंत. आणि तिच्याजवळ बसला.

"सिंह तिकडे असतो," एस्तेर म्हणाली.

"सिंहाचे गुडघे दुखतात." नानांनी आयाळ तोंडावरून बाजूला केली. "मीसुद्धा पीठ टाकलं होतं."

"कुठे? रोममध्ये?"

"दोंडाईच्याला."

ते इतक्या खालच्या आवाजात बोलत होते, की ते फक्त तिला आणि खुर्चीवर बसलेल्या मला ऐकू येत होतं. "भाड्याने खोली बघायला गेलो होतो. मालकाने नाव विचारलं. मी शालिग्राम सांगितलं."

"त्याने मारलं तुम्हाला?"

"नाही. चहा दिला. फार भला माणूस. शलमोन सांगितलं असतं, तरी खोली दिली असती बहुतेक. मी विचारूनच पाहिलं नाही."

"मग?"

"मग नऊ वर्षं शालिग्राम राहिलो. माझी बायको रिबेका, तिला गाण्याची फार हौस. घराजवळून रेल्वे जायची. गाडी आली, की ती उपासनेचं गीत म्हणायची, म्हणजे बाहेर ऐकू जायचं नाही. पॅसेंजरला एक कडवं. मालगाडी लांब असली, तर तीन."

एस्तेरने मनातल्या मनात हिशेब केला असावा. "पूर्ण गीत कधी झालं नाही?"

"नाही झालं. कधी डोळे पुसायची, तर म्हणायची, मिरचीचं गाव आहे." नानांचा श्वास आयाळीत घरघरत होता. "ती त्या खोलीतच गेली. दुपारची वेळ. मला तिच्या उशाशी प्रार्थना म्हणायची होती, मोठ्याने. तर मी गाडीची वाट बघत बसलो."

"आली?"

"आली. पण ती तिथे थांबणारी नव्हती. भरकन निघून गेली. पहिली ओळच झाली माझी."

एस्तेर बराच वेळ त्यांच्या घोंगडीचे दोरे ओढत राहिली. मग तिने विचारलं, "देवाने तुम्हाला वर्गातून काढलं?"

"अजून तरी नाही," नाना म्हणाले.

रिंगणातून हाका येऊ लागल्या. "नाना, सिंह येणार आहे का? पाय भाजताहेत."

नाना उठायला लागले. एस्तेर म्हणाली, "मी सिंहाकडून राहू का?" आणि उत्तराची वाट न बघता तिने घोंगडीचं मागचं टोक, म्हणजे शेपूट, दोन्ही हातांनी उचलून धरलं. अशा रीतीने पिंप्राळ्यात त्या दिवशी शेपूट सांभाळणाऱ्या मुलीसह सिंह आला, खोकला, आणि त्याने अकरा रक्तसाक्षी खाल्ले. आबा तोंड फिरवून पंच्याने डोळे पुसत होते. "डोयामा पीठ गये," ते म्हणाले.

पाळकसाहेब जवळ आले. नानांच्या शब्दाची आठवण सर्वांनाच होती. "नाना, मग पुढच्या रविवारी शाळा...?"

"दहा वाजता," नाना म्हणाले. "आणि चुना जास्त लागेल. सुटलेल्यांचं रिंगण आखायचं राहिलं आहे."

मंडळी पांगली. ओट्यावर केळ्यांच्या साली आणि पावलांचे पांढरे ठसे उरले. मी शाल घडी करत होते, तेवढ्यात नाना समोर येऊन उभे राहिले. आयाळ काढलेली, केस ओले करून चापून बसवलेले, गळ्याजवळचं बटण लावलेलं. हात दोन्ही बाजूंना सरळ.

"नाना, कार्यक्रम संपला," मी म्हणाले.

त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. मी बसले. रस्त्यावर माणसं होती, भाजीवाला होता, समोरच्या गच्चीत कपडे वाळत घालणाऱ्या बायका होत्या. कुठूनही गाडीचा आवाज येत नव्हता. त्यांनी खोल श्वास घेतला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले,

"विचारा."