नाव न छापलेली मुलगी

मुलांच्या कोर्टात उभ्या राहिलेल्या मुलाची ओळख कुणाला कळू नये, याची काळजी सगळ्या गावाने मिळून घ्यायची असते. म्हणून शहरातल्या सर्वांत जबाबदार दैनिकाने शिंपीणबाईंच्या मुलीचं नाव छापलं नाही. ‘बेकरीच्या वर राहणाऱ्या शिंपीणबाईंची एकुलती एक’ एवढंच छापलं. फोटोतला चेहराही पुसट केला. (त्यात गालावरचा तीळ दिसेनासा झाला, म्हणून तो डाव्या गालावर असल्याचा खुलासा खाली केला होता.) अंगातला पडद्याच्या कापडाचा, लाल बदकांचा कोट मात्र झकास आला होता.

सुनावणी बंद दाराआड झाली. शिपायाने गुप्तता पाळून नुसताच पुकारा केला, “जिचं नाव घ्यायचं नाही ती हजर आहे का? अहो, ती बेकरीवरची!”

न्यायाधीशबाईंनी समज देऊन मुलीला घरी पाठवलं आणि कागद मोहोरबंद केले. आरोप गुप्त राहिल्याने लोकांवर जबाबदारी आली. दूधवाल्याच्या मते तिने बँक फोडली होती. न्हाव्याच्या मते फोडणाऱ्यांना शिडी धरली होती. शिडीवाला काहीच बोलेना, तेव्हा त्याच्यावरही संशय घेण्यात आला.

“आई, मी शाळेत नाही जाणार. सगळे बोट दाखवतात गं,” लेक पांघरुणातून म्हणाली.

शिंपीणबाई संपादकांकडे गेल्या.

“ताई, नावातलं एक अक्षर तरी छापलंय का आम्ही?”

“नाही हो, पण…”

“मग! आभार मानायचे सोडून भांडायला काय आलात?”

बाईंनी आभार मानले. घरी येऊन खिडक्यांचे उरलेसुरले पडदे उतरवले आणि लेकीच्या अख्ख्या वर्गाला बदकांचे कोट शिवले. पोरांनी हौसेने आपापल्या डाव्या गालांवर पेनाने तीळ काढून घेतले. (मास्तरांनीही काढला.) त्या घोळक्यात लेक खिदळत शाळेत गेली. बाई उघड्याबोडक्या खिडकीतून बघत राहिल्या. आपली कुठली, ते त्यांनाही ओळखू येईना. इतकं बरं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दैनिकाने मथळा दिला : ‘शाळेत टोळी सक्रिय, नावे गुप्त’.

तिने नेमकं काय केलं होतं, ते इथे सांगितलेलं नाही. तेवढ्यासाठीच इथवर वाचत आला असाल, तर दैनिकात बातमीदाराची जागा रिकामी आहे. अर्ज करायची गरज नाही. तुमची ओळख पटली.