विशेष बाब म्हणून राजपुत्र

महाडच्या मातीने राजे पाहिले, राज्याभिषेक पाहिले, राज्यं बुडतानाही पाहिली. राज्यावर कोणी बसायचं, हा प्रश्न या मुलखात रक्त सांडून सुटलेला आहे. असा शेवटचा प्रश्न ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत उपस्थित झाला. शंकर जाधव, सेवानिवृत्त अव्वल कारकून, यांनी तो लुंगी नेसून, चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीपुढे बसून निकाली काढला.

जाधवांना सगळे भाऊसाहेब म्हणत. पोलादपूरच्या कचेरीत तेहतीस वर्षं काढून ते महाडला येऊन राहिले. बायको आधीच गेली होती. एकुलती एक मुलगी, प्रज्ञा, मुंबईत कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. निवृत्तीनंतर लोक नातवंडं सांभाळतात, नाहीतर कुठल्यातरी देवस्थानच्या कमिटीवर जातात. भाऊसाहेब राक्षस मारत.

प्रज्ञाने त्यांना एक घरगुती कॉम्प्युटर आणून दिला होता. पाटीएवढा, काळा, रबरी बटणांचा. तो टीव्हीला जोडायचा, बाजूला टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि कॅसेट लावायची. पाच मिनिटं कानठळ्या बसवणारी किंचाळी ऐकली की पडद्यावर खेळ चढायचा. कधीकधी चढायचा नाही. त्यावरचा इलाजही प्रज्ञानेच दाखवला होता: टेपरेकॉर्डरच्या हेडपाशी एक बारीक स्क्रू असतो, तो चष्मेवाल्याच्या स्क्रूड्रायव्हरने पाव आटा इकडे किंवा तिकडे फिरवायचा. तेव्हापासून भाऊसाहेबांच्या सदऱ्याच्या खिशात पेनशेजारी तो स्क्रूड्रायव्हर असे. किंचाळीचा नुसता सूर ऐकून ते सांगत, "डावीकडे हवा."

हे उडी मारायचे, गोळ्या झाडायचे खेळ नव्हेत. इथे तुम्ही एक माणूस व्हायचं आणि त्याचं आयुष्य काढायचं. गावोगाव हिंडायचं, भुयारात उतरायचं, मार खायचा, शहाणं व्हायचं. सगळी मजा सुरुवातीला होती. यंत्र विचारायचं, नाव काय? मग विचारायचं, कोण व्हायचंय? योद्धा, जादूगार, पुरोहित की चोर?

"बघा मास्तर," भाऊसाहेब मला म्हणाले, "कोण आहेस विचारत नाही. कोण व्हायचंय विचारतं. साठ वर्षांत मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला, तोही पाटीने."

ते नेहमी चोर होत. मी कारण विचारलं. "योद्ध्याला तलवार फुकट मिळते, पुरोहिताला मान फुकट मिळतो. चोराला निदान मेहनत करावी लागते." मग अंगातले गुण वाटून घ्यायचे असत: ताकद इतकी, अक्कल इतकी, रूप इतकं. रूपाला ते शून्य देत. "कचेरीत तेहतीस वर्षं रूपावाचून काही अडलं नाही."

गावाला हे पटणं शक्य नव्हतं. एकदा एका संस्थेचे अध्यक्ष घरी आले. भाऊसाहेबांनी चिंतनाकडे वळावं, जमल्यास शिवथरच्या घळीत चार दिवस राहून यावं, असं त्यांनी सुचवलं. वर म्हणाले, "या वयात खेळ शोभत नाही हो."

"मग कुठल्या वयात शोभतो?" भाऊसाहेबांनी विचारलं. "पोरवयात गुरं राखली. तरुणपणी साहेबांच्या सह्या घेतल्या. मधला खेळायचा काळ कुठला होता तेवढं सांगा, त्या तारखेपासून लागू करतो."

अध्यक्ष चहा न घेता गेले. दर मार्चला चवदार तळ्याशी गर्दी जमे तेव्हा भाऊसाहेबांना व्यासपीठावर बसण्याचा आग्रह होई. ते खाली उन्हात उभे राहत. "वर बसायला आपण कुणाचे वारस आहोत?"

वारस या शब्दाशी त्यांचं उघड वैर होतं. एक खेळ संपला की पुढचा कुठला, हा निर्णय ते मनाच्या लहरीवर सोडत नसत. फाइल निघे. वर 'विषय: पुढील खेळाची निवड', खाली रूळ मारलेला तौलनिक तक्ता, समासात शेरे. त्यात एक नियम लाल शाईने लिहिलेला होता: नायक जन्माने मोठा असल्यास अर्ज बाद. तुम्ही राजपुत्र आहात, तुमच्या पित्याचं सिंहासन दुष्टाने बळकावलं आहे, अशी सुरुवात वाचली की ते कॅसेट परत डबीत घालत.

"वशिल्याचा उमेदवार. नामंजूर."

अशा तीन कॅसेटी त्यांच्या कपाटात न खेळता पडून होत्या. मी एकदा म्हटलं, "अहो, खेळ तर चांगला असेल." ते म्हणाले, "असेल. साहेबांचे भाचेही चांगले असायचे."

स्वयंपाकाला पोलादपूरच्या वरच्या वाडीतली भागीबाय येई. महाडात दिलेल्या भाचीकडे ती राहायची. तिला या प्रकाराचं अप्रूप नव्हतं, पण चौकशी ती करायची.

"भाऊसाहेब, त्यो राकुस मेला काय नाय अजून?"

"नाही गं. मीच मेलो दोनदा."

"मंग भाकरी खावा नि परत मरा. गार व्हतेय."

त्या वर्षी दिवाळीनंतर प्रज्ञाचं पत्र आलं. भाऊसाहेबांनी ते माझ्यापुढे ठेवलं, म्हणजे वाचायची परवानगी होती. तिला अमेरिकेत नोकरी मिळाली होती. पुढच्या महिन्यात जायचं होतं. किती वर्षांसाठी ते लिहिलेलं नव्हतं. जाण्याआधी एक दिवस येऊन जाईन, सकाळच्या गाडीने येईन आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरेन, सामानाची फार धावपळ आहे. येताना एक खेळ आणीन. तीन मिळताहेत, त्यातला एकच वेळेवर हाती येईल, कुठला ते उलट टपाली कळवा.

पुढे तिन्ही खेळांची माहिती होती. पहिल्यात लोहाराकडचा उमेदवार स्वतःच्या हिमतीवर वर चढतो. दुसऱ्यात चौघांची टोळी आपणच जमवायची, प्रत्येकाचा धंदा आपणच ठरवायचा. तिसऱ्याबद्दल तिने लिहिलं होतं, 'हा राजपुत्राचा आहे, म्हणून तुम्ही घेणार नाहीच. शिवाय फार किचकट आहे. समोर बसून समजावायला दोन दिवस तरी लागतील आणि मला तेवढा वेळ नाही. तेव्हा पहिल्या दोनांतला सांगा.'

मी पत्र घडी घालून परत दिलं. "लांब चालली," मी म्हणालो.

"बढती आहे," भाऊसाहेब म्हणाले. "बढतीवर बदली असतेच." आणि त्यांनी फाइल काढली.

माझ्या मते प्रश्नच नव्हता. लोहाराचा उमेदवार म्हणजे लाल शाईतल्या नियमाचं मूर्तिमंत रूप. पण फाइल चार दिवस पुटअप होत राहिली. तक्ता दोनदा नव्याने आखला गेला. पाचव्या दिवशी ते पोस्टात पत्र टाकायला निघाले तेव्हा मी फाटकापाशी विचारलं, "मग? लोहार ना?"

"राजपुत्र."

मला वाटलं थट्टा आहे. मी म्हणालो, "भाऊसाहेब, वशिल्याचा उमेदवार?"

त्यांनी फाइल पुढे धरली. शेवटच्या शेऱ्यात लिहिलं होतं: 'क्रमांक तीन विशेष बाब म्हणून मंजूर. हे पूर्वोदाहरण मानू नये.' खाली सही, तारीख.

मी थक्क झालो आणि, खरं सांगायचं तर, थोडा चिडलोही. अध्यक्षांना चहाविना पाठवणारा माणूस एका कॅसेटीपुढे वाकला होता. त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे जरा कमीच गेलो.

प्रज्ञा आली ती ठरल्याप्रमाणे सकाळच्या गाडीने, हातात एकच पिशवी घेऊन. मला बोलावणं आलं. आदल्याच दिवशी एक जुना खेळ त्या यंत्रावर विनातक्रार चढताना मी भिंतीपलीकडून ऐकला होता. आज राजपुत्र काही चढेना. किंचाळी पुरी व्हायची आणि पडद्यावर चूक झाल्याची ओळ यायची. प्रज्ञाने कॅसेट गुंडाळून परत लावली. आवाज वाढवला, कमी केला. वायरी बदलल्या. कापसाला स्पिरिट लावून हेड पुसलं.

"आप्पा, टेपच खराब आहे का हो?" तिने वडिलांना विचारलं.

"असेल. नाहीतर हवामान."

मला काही त्यातलं कळत नाही, पण एवढं कळत होतं. मी म्हणालो, "अहो, तो स्क्रू..."

"मास्तर, चहा घ्या," भाऊसाहेब म्हणाले. त्यांचा हात सदऱ्याच्या खिशावर होता.

"काका, साखर कमी नाही ना झाली?" त्याच क्षणी प्रज्ञाने विचारलं. ती माझ्याकडे बघत होती, टेपरेकॉर्डरकडे नाही.

साखर ठीक होती. मी चहा प्यायलो.

संध्याकाळची गाडी गेली. तिने पोस्टातून मुंबईला फोन करून सांगितलं की मशीन बिघडलंय, अर्धवट टाकून येता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तासभर खटपट झाली, मग दोघं आप्पांच्या गुडघ्यांसाठी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेली. तिसऱ्या दिवशी खटपट अर्धा तास चालली. दुपारभर ती पाय पसरून माहितीपुस्तिका वाचून दाखवत होती आणि ते दर पानाला हरकत घेत होते.

"याला राज्य चालवायचा अनुभव काय?"

"आप्पा, तो राजाचा मुलगा आहे."

"तेच विचारतोय. अनुभव काय?"

भागीबाय भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "गो पोरी, बिघडलाय तो डबा, तर दुसरा आण."

"असू दे गं मावशी. हाच बरा हाय," प्रज्ञा म्हणाली.

चौथ्या दिवशी मात्र जावंच लागलं. भाऊसाहेब स्टँडवर गेले, मीही सोबत गेलो. गाडी सुटताना दोघांनीही रडणंबिडणं केलं नाही. ती खिडकीतून म्हणाली, "आप्पा, चढला तर पत्रात लिहा." ते म्हणाले, "तपासून कळवतो."

घरी आल्यावर त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, टेपरेकॉर्डरवर वाकले आणि पाव आटा डावीकडे फिरवला. पाच मिनिटांत राजपुत्र पडद्यावर उभा होता, मुकुटासकट.

मी म्हणालो, "भाऊसाहेब, तिला कळलं असेल हो."

"स्क्रू मला दाखवला कोणी?" ते म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला. तो बराच वेळ पुसला जात होता.

मग त्यांनी नाव टाइप केलं: जाधव. या खेळात कोण व्हायचं ते यंत्राने विचारलं नाही. सिंहासनाचा एकमेव कायदेशीर वारस भुयारात उतरला आणि आठव्या मिनिटाला उंदीर चावून मेला.